एका पॉइंटने हरलो, तर चूक नेमकी कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका स्थानिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, सेमीफायनलला, एक क्लब ६९-७० असा हरला. ४१ सेकंद उरले तेव्हा हाच क्लब ६८-६४ असा पुढे होता. प्रश्न विचारणारे या टीमच्या पॉइंट गार्डचे, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणाऱ्याचे, मामा आहेत. ते लिहितात: 'मॅचनंतर टिळक रोडवरच्या अमृततुल्यात आमची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. एक गट म्हणतो, भाच्याने फ्री थ्रो घालवला म्हणून हरलो. दुसरा म्हणतो, बरोबरी झाल्यावर कोचने टाइमआउट का नाही घेतला? तिसरा म्हणतो, तीन पॉइंट पुढे असताना सरळ फाउल करायचा सोडून बघत काय बसले? आणि शेवटचा फाउल रेफरीने फुकट दिला यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. सर, तुम्ही कोचिंगही केलंय आणि स्कोअर लिहायला टेबलवरही बसलाय, तुम्हीच काय तो निकाल द्या.' सोबत स्कोअरशीटचा फोटो आणि मोबाइलवर काढलेला शेवटच्या क्वार्टरचा व्हिडिओ आहे.

मामा, स्कोअरशीट पाठवलीत हे फार बरं केलंत. व्हिडिओवर भांडता येतं, स्कोअरशीटवर जरा कमी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चौथ्या क्वार्टरची ६ मिनिटं ३२ सेकंद बाकी असताना तुमच्या टीमच्या नावापुढच्या टीम फाउलच्या चौथ्या चौकटीत फुली पडली, तिथे मॅच हातातून निसटायला लागली. तेव्हा स्कोअर ६०-५१ होता. तुम्ही नऊने पुढे होतात, म्हणून ती फुली कोणाच्या लक्षातच राहिली नाही. व्हिडिओत त्या क्षणी टेबलावर चार फाउल झाल्याची लाल खूण उभी राहिलेली दिसते, आणि तुमच्या बाकावर कोणीतरी पाण्याची बाटली शोधतंय.

नियम तुमच्या कट्ट्यावर सगळ्यांना माहीत असेलच, तरी लिहितो. आपल्याकडे मॅच फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात. दहा मिनिटांचा क्वार्टर, आणि एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की, आक्रमण करतानाचे सोडले तर, त्यापुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे एकेका पॉइंटचे शॉट), मग समोरचा शॉट मारत असो की नुसता बॉल घेऊन उभा असो. तुमचे ते चार फाउल कसे झाले ते बघा. पहिला आणि तिसरा एकाच फॉरवर्डचा, आणि दोन्ही समोरच्यांच्या अर्ध्या कोर्टात. एकदा ले-अप (रिंगजवळून मारायचा सोपा शॉट) हुकला, एकदा पास हातातून सुटला, आणि रागाच्या भरात तो परत पळण्याऐवजी बॉलवर झडप घालायला गेला. चौथा रिबाउंडच्या, म्हणजे हुकलेला बॉल पकडायच्या, ढकलाढकलीत, तो समजू शकतो. दुसरा मात्र गमतीचा आहे. तुमच्या सेंटरने स्क्रीन लावताना, म्हणजे डिफेंडरची वाट अंगाने अडवताना, कंबर पुढे काढली. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, आक्रमण करणाऱ्याचा फाउल टीम फाउलमध्ये धरत नाहीत, फिबामध्ये धरतात. पहाटे उठून एनबीए बघणाऱ्या आपल्या मंडळींच्या हे गावीही नसतं. ते तीन मोजतात आणि टेबलवर चार लिहिलेले असतात.

तिथून पुढे समोरच्या टीमने १९ पॉइंट केले. त्यातले ६ अशा फाउलवरचे आहेत जिथे कोणी शॉट मारतच नव्हतं: चार फाउल, आठ फ्री थ्रो, सहा आत. शेवटचा, ज्यावर तुम्ही हरलात, तोही त्याच खात्यातला. १.८ सेकंद असताना त्यांचा गार्ड रिंगपासून सात-आठ मीटरवर होता, ड्रिबल करत होता. टीम फाउल तीनवर असते तर त्याच फाउलवर त्यांना फक्त साइडलाइनवरून बॉल मिळाला असता. १.८ सेकंदांत शॉट घेता येतो, नाही असं नाही. पण तोंडासमोर हात असताना घेतलेला तो शॉट आणि निवांत उभं राहून मारलेले दोन फ्री थ्रो यांत केवढा फरक आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता टाइमआउट. तुमच्या कट्ट्यावर सगळ्यात मोठा आवाज याच मुद्द्याचा असणार, आणि नेमका हाच मुद्दा सगळ्यात पोकळ आहे. नऊ सेकंद असताना कोचकडे टाइमआउट शिल्लकच नव्हता.

स्कोअरशीटवर तुमच्या टीमच्या नावाखाली दुसऱ्या हाफच्या टाइमआउटचे तीन चौकोन आहेत. पहिल्यात आकडा नाही, दोन आडव्या रेघा आहेत. त्या कोणी गंमत म्हणून मारलेल्या नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट मिळतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच घेता येतात. घड्याळ दोन मिनिटांवर आलं आणि तोवर एकही घेतलेला नसेल, तर एक बुडाला. टेबलवर बसलेला माणूस पहिल्या चौकोनात दोन रेघा मारतो आणि विषय संपतो. उरलेले दोन तुमच्या कोचने १ मिनिट ३८ सेकंद आणि ४१ सेकंद बाकी असताना घेतले. म्हणजे बरोबरी झाली तेव्हा झोळी रिकामी होती. बाकावरून तुम्ही सगळे दोन हातांनी 'टी' करून ओरडत होतात हे व्हिडिओत छान ऐकू येतं!

यावर कोणी म्हणेल, मग खेळाडूने मागायचा. आपल्याकडे खेळाडूला टाइमआउट मागताच येत नाही. कोच किंवा असिस्टंट कोचने टेबलकडे मागायचा, आणि तोही बॉल डेड झाला, म्हणजे खेळ थांबला, किंवा समोरच्याने बास्केट केलं की मिळतो. बॉल खेळात असताना कितीही हात हलवा, उपयोग शून्य. १९९३च्या अमेरिकन कॉलेज फायनलमध्ये मिशिगनच्या ख्रिस वेबरने ११ सेकंद बाकी असताना, दोन पॉइंट मागे असताना, टीमकडे एकही शिल्लक नसताना टाइमआउट मागितला. टेक्निकल फाउल लागला आणि नॉर्थ कॅरोलायनाने ७७-७१ने मॅच नेली. तो प्रकार आपल्या नियमांत घडूच शकत नाही.

कोचची चूक आहेच, पण ती दुसरीकडे आहे. ६ मिनिटं ३२ सेकंदांपासून ४ मिनिटं २० सेकंदांपर्यंत समोरच्यांनी लागोपाठ सात पॉइंट केले, ६०-५१चे ६०-५८ झाले. त्या सातातले चार फ्री थ्रोचे होते, म्हणजे घड्याळ थांबलेलं, बॉल डेड, मागितला की मिळाला असता. तेव्हा एक टाइमआउट घेऊन पोरांना एवढंच सांगायचं होतं: आता चार झाले आहेत, हात मागे, पाय हलवा. जो टाइमआउट पुढे दोन मिनिटांवर आपोआप बुडणारच होता, तो वाचवून काय साधलं? बऱ्याच कोचना शेवटासाठी राखून ठेवायची सवय असते. एनबीए बघूनच लागलेली आहे ती, तिथे टाइमआउट जास्त असतात. आपल्याकडे दुसऱ्या हाफचा पहिला टाइमआउट म्हणजे नाशवंत माल, शेवटची दोन मिनिटं लागायच्या आत खपवायचा. आणि ४१ सेकंदांचा जो घेतला, त्यानंतरच्या पहिल्याच पासवर बॉल गेला आणि ३३ सेकंदांवर सोपा ले-अप बसला. त्या टाइमआउटमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पास द्यायला उभ्या राहिलेल्या मुलाला आपण कोणाकडे बघतोय हेच ठाऊक नव्हतं, एवढं व्हिडिओत स्वच्छ दिसतं.

तिसरा गट, म्हणजे 'फाउल का नाही केला' वाले. हा वाद जगभर आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना हुशार माणसं आहेत. तीन पॉइंट पुढे, थोडे सेकंद बाकी, फाउल करून दोनच फ्री थ्रो द्यायचे म्हणजे बरोबरीचा थ्री, म्हणजे रेषेबाहेरून तीन पॉइंटचा शॉट, मारताच येत नाही, असा तो हिशोब. २०१३च्या एनबीए फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये सॅन अँटोनियोने असा फाउल केला नाही. ते ९५-९२ने पुढे असताना मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री हुकला, त्याच्याच टीमच्या ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, कोपऱ्यात मागे सरकत असलेल्या रे अ‍ॅलनकडे बॉल दिला आणि ५.२ सेकंद बाकी असताना बरोबरी झाली. ओव्हरटाइममध्ये मायामीने १०३-१००ने मॅच काढली, मग सातवीही जिंकली.

त्या मॅचवर लोक आजही भांडतात. मला त्यात तुमच्या कट्ट्यासाठी कामाची वाटते ती टिम डंकनची गोष्ट. त्या रिबाउंडच्या वेळी सॅन अँटोनियोचा सगळ्यात मोठा खेळाडू, त्या दिवशी ३० पॉइंट केलेला, बाकावर होता. कोच ग्रेग पॉपोविचने त्याला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, कारण समोरून थ्री येणार हे नक्की होतं आणि बाहेर धावत जाऊन अडवणारी चपळ माणसं हवी होती. पहिला थ्री त्यांनी अडवलाही, म्हणजे हुकला. मग रिबाउंड गेला. निर्णय वाईट होता का? मला नाही वाटत. कारण होतं, हिशोब होता, आणि तरी बॉल बॉशच्या हातात पडला. बॉल सॅन अँटोनियोच्या हाती पडला असता तर याच निर्णयाला आपण 'काय डोकं आहे' म्हणालो असतो. मॅचवर बोलताना आधी हे वेगळं काढायचं: त्या क्षणी जे माहीत होतं त्यावर निर्णय बरोबर होता का, आणि निकाल काय लागला. कट्ट्यावर नेहमी दुसऱ्यावरून पहिलं ठरतं.

तुमच्या मॅचमध्ये भाच्याचा एक फ्री थ्रो गेला, एक चुकला आणि ६९-६६ झालं, तेव्हा २१ सेकंद होते. मी कोच असतो तर त्या वेळी फाउल केला नसता. दोन कारणं. एक, २१ सेकंद फार आहेत. त्यांनी दोन्ही आत टाकले तर ६९-६८, मग ते आपल्याला फाउल करणार, आणि तुमची टीम त्या दिवशी फ्री थ्रोवर २१ पैकी १२ होती. अशा टीमने फ्री थ्रोची अदलाबदल सुरू करू नये. दुसरं, फिबामध्ये बॉल खेळण्याचा खरा प्रयत्न न करता माणसाला धरलं की अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला न शोभणारा फाउल, लागू शकतो, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांनाच. तालमीत कधी न केलेली गोष्ट पोरांना २१ सेकंदांवर सांगायची, आणि त्यातल्या एकाने शॉट मारणाऱ्याच्याच हातावर मारलं तर तीन फ्री थ्रो. सात-आठ सेकंद उरले असते, समोरचा पाठमोरा ड्रिबल करत असता, तर मीही 'फाउल कर' म्हणून ओरडलो असतो.

खरी चूक त्या पझेशनमध्ये आहे, पण ती कोणी बोलत नाहीये. व्हिडिओ १२ सेकंदांवर थांबवा. त्यांचा गार्ड उजवीकडून आत घुसतोय. तुमचा कोपऱ्यातला डिफेंडर, आपला माणूस सोडून, दोन पावलं आत सरकतो, मदतीला. एरवीच्या खेळात हे शंभर टक्के बरोबर, आम्हीच शिकवतो. पण तीन पॉइंट पुढे असताना त्या ले-अपला घाबरायचंच काय कारण होतं? घे म्हणावं दोन पॉइंट, ६९-६८, बॉल आपला. आत जाणाऱ्याला वाट मोकळी ठेवायची आणि थ्रीच्या रेषेवर माणसाला चिकटून उभं राहायचं. ती दोन पावलं पडली, पास कोपऱ्यात गेला, शॉट पडला तेव्हा ९ सेकंद होते. त्या मुलाला दोष देऊ नका, त्याचे पाय सवयीने हलले. तालमीत हा प्रसंग वेगळा काढून खेळवला नसेल तर पाय दुसरं काय करणार?

मग शेवटचे नऊ सेकंद. टाइमआउट नाही, ६९-६९, बॉल तुमचा. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबतं, त्यामुळे बॉल एंडलाइनवरून आत येईपर्यंत सेकंदही जात नव्हता. धावणारा गार्ड साडेचार-पाच सेकंदांत सहज रिंगपर्यंत पोचतो. म्हणजे घाईचं काहीच नव्हतं. पण सेंटरने बॉल उचलला आणि अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे, दोघांच्या मधे उभ्या असलेल्या तुमच्या भाच्याकडे लांब फेकला. बॉल त्यांनी काढला, १.८ सेकंदांवर तो फाउल झाला, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या भाच्याचा यात थोडा दोष आहे, त्याने मागे येऊन बॉल घ्यायला हवा होता. मोठा दोष याचा आहे की टाइमआउट नसताना काय खेळायचं हे टीमला ठरवून दिलेलंच दिसत नाही. एक साधा इशारा, एक रंगाचं नाव, एवढं पुरतं: गार्डने मागे येऊन बॉल घ्यायचा, चौघांनी रुंद पसरायचं, चार सेकंद असताना रिंगकडे जायचं. बास्केट नाही झालं तरी ओव्हरटाइम. तुमचा बास्केट झाला नसता तरी मॅच संपत नव्हती, हे त्या नऊ सेकंदांत कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

तो फ्री थ्रो राहिलाच. तुमचा भाचा त्या दिवशी आठपैकी सात आत होता. बाकीची सगळी टीम मिळून १३ पैकी ५. ज्याचा एक चुकला त्याच्यावर हार लिहायची आणि ज्यांचे आठ चुकले ते दुसऱ्या क्वार्टरमध्ये चुकले म्हणून मोकळे, हा कुठला न्याय? आपल्याला ही सवय क्रिकेटपासून आहे. शारजात १९८६ला शेवटच्या चेंडूवर मियाँदादने सिक्स मारला, आणि तेव्हापासून ती फायनल चेतन शर्माच्या नावावर आहे. त्याच फायनलमध्ये त्याने तीन विकेट काढल्या होत्या हे कितीजणांना आठवतं?

तरी 'सगळे पॉइंट सारखेच' हे वाक्यही मला पूर्ण पटत नाही. दुसऱ्या क्वार्टरचा चुकलेला फ्री थ्रो भरून काढायला वीस मिनिटं असतात, २१ सेकंदांवरचा भरून काढायला नसतात. म्हणून शेवटचा जास्त महाग, हे मान्य. पण महाग पडला म्हणून तो जास्त मोठी चूक ठरत नाही. आठपैकी सात टाकणारा मुलगा कधीतरी एक चुकवणारच. तो नेमका कधी चुकेल हे त्याच्या हातात नाही. १३ पैकी ५ हे मात्र हातात आहे.

आणि त्यावर उपाय म्हणजे रोज उभं राहून सलग शंभर फ्री थ्रो मारणं नव्हे. मॅचमध्ये कोणी सलग शंभर मारत नाही, दोन मारतो, तेही धापा टाकत. तालमीत पाच-सहा मिनिटं पूर्ण कोर्ट खेळवा, शिट्टी मारा, एकाला लाइनवर पाठवा, दोन मारू द्या, लगेच खेळ सुरू. दोन्ही गेले नाहीत तर सगळी टीम एक फेरी पळते. तालीम संपताना, पाय जड झालेले असताना, घड्याळावर नऊ सेकंद लावा, स्कोअर बरोबरीचा, टाइमआउट नाही, आणि खेळा. मग २० सेकंद, तीन पॉइंट पुढे, समोरच्याला थ्री द्यायचा नाही. बाजू बदलून पुन्हा. टेबलवर एखादा राखीव खेळाडू बसवा आणि त्याला टीम फाउल मोठ्याने ओरडायला सांगा. 'तीन झाले!' एवढं ऐकून पोरांचे हात मागे जायला लागले की तालीम लागली असं समजा. तुमच्या कोचना हे सांगताना जरा जपून सांगा. हरलेल्या कोचकडे त्या आठवड्यात प्रेक्षकांतले निम्मे लोक सल्ला घेऊन आलेले असतात.

रेफरीबद्दल थोडक्यातच लिहितो. व्हिडिओ मागच्या बाजूने काढलाय, त्यात हात कमरेवर लागलेला दिसतो, किती जोरात ते दिसत नाही. माझ्या मते फाउल होता. पहिल्या क्वार्टरला तोच दिला असता का? कदाचित नाही. एनबीए अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतले रेफरींचे निर्णय तपासून २०१५पासून जाहीर करते, आणि त्या अहवालाने एकाही मॅचचा निकाल बदललेला नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्ध अधिकृत तक्रार, करता येईल का. नाही. प्रोटेस्ट करायचा तर कॅप्टनने मॅच संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य रेफरीला सांगून स्कोअरशीटवर त्यासाठीच्या रकान्यात सही करावी लागते, आणि तोही स्कोअर किंवा घड्याळाची न सुधारलेली चूक, अपात्र खेळाडू अशा ठरावीक कारणांवर. 'फाउल नव्हता' हे त्या कारणांत बसत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो रकाना कोरा आहे.